पाळी, डाव की बारी? दोन शब्द हवेत, गणपतीच्या आत

पागनीसपागा, इंदूर

मंडळी, दोन शब्द हवे आहेत आणि हाताशी दिवस थोडे आहेत.

आमच्या कॉलनीच्या गणपतीत यंदा मुलांचा वादविवाद आहे. विषय त्यांनीच निवडला. आरपीजी जातीच्या, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या, व्हिडिओ गेमचा आधीचा भाग 'टर्न-बेस्ड' होता आणि पुढचा 'रिअल-टाइम' काढला, किंवा उलट केलं, तर जुन्या चाहत्यांनी ते चालवून घ्यावं का? अट एकच, बोलायचं मराठीत. इंग्रजी शब्दाला पाच रुपये दंड. हिंदीलाही लावू, असं एकजण म्हणाले. पण इंदुरात हिंदीला दंड लावला तर मंडपाचं भाडं त्यातच निघेल आणि वादविवाद राहून जाईल, म्हणून हिंदी माफ. परीक्षक माझी आई. वय ८१. पत्त्यांत तिला अजून कुणी हरवत नाही, पण व्हिडिओ गेम तिने फक्त नातवाच्या पाठीमागे उभं राहून, तेही "जेवायला चल" म्हणत पाहिले आहेत. तिला कळतील असे शब्द हवेत.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिल्या प्रकारात लढाई बुद्धिबळासारखी. एकदा तुम्ही, एकदा शत्रू. मधेच उठून तुम्ही पोहे-जिलबी खाऊन आलात तरी समोरचा राक्षस तलवार उगारून तसाच उभा. दुसऱ्या प्रकारात राक्षस थांबत नाही. माझा भाचा पहिल्याला "बारी-बारीवाली लढाई" म्हणतो. दुसऱ्यासाठी त्याच्याकडे शब्दच नाही, नुसते हात झाडून "धडाधड" म्हणतो.

शुद्धमती

सोपं आहे. 'क्रमाधिष्ठित संग्राम' आणि 'वास्तवकालीन संग्राम'.

पागनीसपागा

ताई, आईला विचारून पाहिलं. म्हणाली, "हा दुसरा कुठल्या शतकातला?"

रात्रपाळीवाली, इंदूर

काका, आजींनी नेमकं पकडलं. '-कालीन' लागलं की शिवकालीन, पेशवेकालीन आठवतं. शिवाय 'वास्तव' तरी कुठे आहे त्यात? आग ओकणारा ड्रॅगन, हातात पेटती तलवार, आणि म्हणे वास्तव! इंग्रजीतल्या त्या 'रिअल'चा अर्थ खरंखोटं असा नाहीच. भिंतीवरचं घड्याळ आणि खेळातलं घड्याळ एकाच चालीने चालतं, एवढंच म्हणायचं आहे. आणि मराठीत 'वास्तविक' म्हटलं की पुढे तक्रारच येते: वास्तविक मला यायचं नव्हतं.

मी स्वतः हे खेळ खेळते, ड्यूटी संपवून आल्यावर पहाटे. माझं मत 'पाळीची लढाई'. पाळी हा शब्द तयार आहे, आळीपाळीने आहे, पाळीपाळीने आहे. आणि काकांच्या शहरातलंच उदाहरण घ्या. सराफ्यात दिवसभर सोन्याची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू. जागा एक, पाळ्या दोन. कुणी कुणाच्या मधे येत नाही. टर्न-बेस्ड म्हणजे हेच.

शुद्धमती

शब्द चांगला आहे, पण मंडपात माइकवरून मुलं "माझी पाळी, तुझी पाळी" करणार. पालक बसलेले असतील. लोक हसतील.

रात्रपाळीवाली, इंदूर

हसू देत. माझं टोपणनाव वाचून कोणी हसलं नाही. रात्रपाळी, दिवसपाळी, दुसऱ्या पाळीची बस, सगळं चालतं. आमच्या आजीच्या तोंडी त्या गोष्टीला 'अडचण' किंवा 'बाहेर बसणं' होतं. तेव्हा 'पाळी' हाच आडून सांगायचा, सभ्य शब्द होता. आता सभ्य शब्दही टाकला तर उरेल काय? अडचणीची लढाई?

बांधावरून

रात्रपाळीवालीताईंना माझा दुजोरा. शेतीत पाळीशिवाय चालत नाही. गव्हाला पाण्याच्या पाळ्या, रानाला कुळवाच्या पाळ्या. कालव्यावर तर 'शेजपाळी' हा शब्दच रूढ आहे, एका शेताचं झालं की लगतच्या शेताचं. आपली पाळी येईपर्यंत माणूस बांधावर बसून राहतो, भांडतो, पण पाट फोडत नाही. फोडला तर ती मग दुसऱ्या प्रकारची लढाई.

बडोदेकर

नमस्कार. वय ७४, व्हिडिओ गेम शून्य, पत्ते भरपूर. एक वेगळा शब्द सुचवतो: डाव.

आमच्याकडे गुजराती मुलं खेळताना 'दाव' म्हणतात. 'तारो दाव' म्हणजे 'आता तू खेळ'. दाव घेणं, दाव देणं, सगळं त्याच अर्थाने. मराठीत हाच अर्थ क्रिकेटने जपला आहे. पहिला डाव, दुसरा डाव, डावाने पराभव. आणि इंदूरच्या माणसाला डाव काय असतो ते मी सांगायला नको. १९४५-४६च्या रणजी मोसमात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध इंदुरातच ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला होता. सहा जणांची शतकं. म्हैसूरवाले आपल्या पाळीची वाट पाहत उन्हात पळत होते. याहून टर्न-बेस्ड काय असणार?

जाता जाता: १९३१ साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' करवून घेतला, राज्यकारभारातल्या शब्दांना आपल्या अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी देणारा. तेव्हा शब्द सुचवायची खाज आमच्या गावाला जुनीच आहे, राग मानू नये.

तालीमवाला, इंदूर

बडोदेकर आजोबा, शब्दाला माझी हरकत आहे. तालमीत डाव म्हणजे धोबीपछाड, ढाक, कलाजंग. तिथे कोणी कोणाची वाट पाहत नाही. समोरचा पाय जरा हलला की डाव पडलाच पाहिजे. 'डावाची लढाई' म्हटलं तर मला ती धडाधडवाली वाटेल, म्हणजे काकांना हवी त्याच्या नेमकी उलटी. अन् 'डाव साधला', 'डाव उलटला' यातही पाळी कुठे आहे? संधी आहे.

बडोदेकर

खरं आहे. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही बसले आहेत. पत्त्यांतला डाव थांबतो, कुस्तीतला थांबत नाही.

राजवाडा-रिटर्न, सध्या पुणे

'राज्य' का नको? लपाछपीत तुझ्यावर राज्य, माझ्यावर राज्य. मुलांना लगेच कळेल.

पागनीसपागा

इंदुरात आमच्या गल्लीत त्याला 'दाम देणं' म्हणायचो. पण अर्थ उलटा होतो हो. लपाछपीत राज्य आलं की भोगायचं असतं, बाकीचे मजेत लपलेले. इथे पाळी आली म्हणजे सत्ता आली. मराठी मुलांनी राज्याला शिक्षा का मानलं, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

'बारी' मात्र मला सोडवत नाही. भाचा हिंदीतून आणतो हे कबूल, पण मराठीत ती परकी नाही. संगीत बारी आहे, पंढरपूरची दर्शनबारी आहे, बैलगाड्यांच्या शर्यतीतही बारीच धावते.

रात्रपाळीवाली, इंदूर

आणि हे तीनही अर्थ एकमेकांपासून इतके लांब आहेत की पुण्याहून आलेला पाहुणा आधी तमाशा समजेल. बारी बोलायला घ्या, लिहायला पाळी.

आता तालीमवालादादा आणि बडोदेकर आजोबांमधला तंटा. मला वाटतं दोन्ही शब्द लागतात, कारण खेळांमध्येच दोन प्रकार आहेत. २०१२च्या 'एक्सकॉम: एनिमी अननोन'मध्ये आधी माझी सगळी तुकडी हलते, मग परग्रहावरच्यांची सगळी. हा क्रिकेटचा डाव, संघाचा. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये मात्र लढाईच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या नावाने फासा पडतो आणि त्यावरून रांग लागते: आधी माझी जादूगारीण, मग त्यांचा धनुर्धारी, मग माझा दांडगा. ही पाळी, माणसाची. आपल्याकडे हा फरक आयता आहे. डाव संघाचा, खेळी फलंदाजाची, हे कोणी मुलांना शिकवत नाही, तरी चुकत नाही. इंग्रजीत दोन्हीला 'टर्न'च.

बडोदेकर

मुली, त्या सुरुवातीच्या फाशाला काय म्हणतेस? कोणी आधी खेळायचं ते ठरवणारा.

रात्रपाळीवाली, इंदूर

इंग्रजीत 'इनिशिएटिव्ह'. मराठीत सगळे 'पुढाकार' लिहितील, पण पुढाकार घ्यायचा असतो, तो फाशावर पडत नाही.

बडोदेकर

मग 'उतारी' म्हण. पत्त्यांत पहिलं पान टाकायचा मान. "उतारी कोणाची?" फाशाचं 'दान' पडलं आणि उतारी ठरली. आजींना समजावून सांगावंच लागणार नाही.

पागनीसपागा

आईला वाचून दाखवलं. "आता कुठे माणसांत आलात," म्हणाली.

राहिलं ते धडाधड. 'हातघाईची लढाई' कसं वाटतं? 'धुमश्चक्री'?

तालीमवाला, इंदूर

धुमश्चक्री ऐकायला झकास. पण तिच्यात गोंधळ आहे, कोण कोणाला मारतंय ते कळू नये असा. चांगला खेळणारा धडाधडीतही शांत असतो. हातघाई फक्त जवळून. लांबून बाण मारणाऱ्याचं काय? मी 'धावती लढाई' म्हणेन. धावतं समालोचन म्हणतोच ना आपण. खेळ चालला आहे आणि बोलणं त्याच्यासोबत धावतंय.

शुद्धमती

'धावती भेट'मध्ये उरकल्याचा भाव येतो. तो चालेल?

तालीमवाला, इंदूर

पाळीच्या पक्षाला आवडेल तो भाव. धावत्यांचा आवडता टोला तयारच आहे, "तुमची लढाई म्हणजे बँकेची रांग". एकेक शब्द दोघांनाही टोचू दे.

रात्रपाळीवाली, इंदूर

'धावती' माझ्याकडून पक्का. आता वादविवादाच्या पोरांसाठी थोडं लांबण लावते, कारण शब्द नीट वापरले तर अर्धं भांडण तिथेच गळतं.

बाल्डर्स गेटचं पाहा. पहिला भाग १९९८, दुसरा २०००, दोन्ही बायोवेअरचे, लढाई धावती. हवं तेव्हा एक कळ दाबून सगळं गोठवायचं, सहाही जणांना हुकूम द्यायचे, परत सोडायचं. तिसरा भाग २०२३ मध्ये बेल्जियमच्या लारियनने काढला आणि तो पाळीचा. खेळ पहिल्यांदा दाखवला तेव्हा जुने चाहते चिडले: हा बाल्डर्स गेट नव्हे, नाव लावलेला दुसराच खेळ आहे. त्यांचा राग खोटा नव्हता. सहा जणांची फौज एकाच वेळी तुटून पडते ती मजा तिसऱ्यात नाहीच, फौजही चौघांचीच.

पण मूळ कुठलं? हे सगळं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वरून आलं, १९७४ पासून टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळला जाणारा खेळ, आणि तिथे लढाई पाळीनेच चालते. शिवाय तो धावता जुना बाल्डर्स गेट आतून बघा. सहा सेकंदांची एक फेरी, त्या फेरीत प्रत्येकाला ठरलेले इतकेच वार. तुम्ही कितीही बोटं आपटा, तलवार आपल्या फेरीलाच पडते. वरून धावती, आतून पाळीची! पाळ्या काढल्या नव्हत्या, सगळ्यांच्या पाळ्या एकाच घड्याळावर एकदम चालू केल्या होत्या. म्हणून मला 'घड्याळ चालू की बंद' हा वादच अपुरा वाटतो. थांबावं कोणाला लागतं, हे विचारा. पाळीच्या लढाईत शत्रू माझ्यासाठी थांबतो. धावतीत मीच माझ्या बोटांसाठी थांबते.

'फॉलआउट'चं उदाहरणही घ्या. १९९७ आणि १९९८चे दोन भाग पाळीचे. मग हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि २००८चा तिसरा भाग डोळ्यांसमोर बंदूक धरून धावणारा झाला. पण त्यातही एक कळ ठेवली: दाबली की काळ थांबतो, शत्रूचं डोकं, हात, पाय यांतून निवडायचं, आणि जुन्या भागांतल्यासारखे कृतीचे गुण खर्चून गोळी घालायची. काढलेल्या पाळीची आठवण म्हणून ठेवलेली कळ. माझ्या मते जुन्यांची समजूत काढायलाच ती होती. पण नव्यांनाही आवडली.

राजवाडा-रिटर्न, सध्या पुणे

त्या गोठवायच्या कळीला काय म्हणायचं? युद्धविराम?

पागनीसपागा

युद्धविराम म्हटलं तर दोन्ही बाजू बोलणी करायला बसल्या असं वाटेल. इथे एकच बाजू थांबवते, दुसरीला पत्ताही नसतो.

बांधावरून

टॅम्प्लीज!

पागनीसपागा

वा! पळापळीत धाप लागली की तोंडाशी मूठ नेऊन ओरडायचो ते. मुळात ते 'टाइम प्लीज' आहे, पण इतकं घासून गुळगुळीत झालं की दंड लागणार नाही असा निर्णय मी अध्यक्षांच्या गैरहजेरीत देऊन टाकतो.

शुद्धमती

मग २०१८च्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'च्या दुसऱ्या भागाला काय म्हणाल? माझा मुलगा खेळतो. तो म्हणतो, खेळ आला तेव्हा टॅम्प्लीजवाला धावता होता, मग २०१९ मध्ये त्याच खेळात पाळीचा पर्याय दिला. ज्याला जे हवं ते.

रात्रपाळीवाली, इंदूर

शुद्धमतीताई, तुम्ही 'टॅम्प्लीजवाला' लिहिलंत, याची नोंद व्हावी.

हो, आणि ऐकायला हा तोडगा गोड वाटतो. पण मैदानं आखली होती धावतीसाठी: फुटकळ शत्रूंच्या टोळ्या, अर्ध्या मिनिटात उडवून पुढे जायचं. तिथे पाळी लावली की त्याच टोळीला दहा मिनिटं लागतात. पाळीचा खेळ करायचा तर लढाया कमी आणि प्रत्येक वजनदार हवी. नुसती कळ देऊन भागत नाही.

तालीमवाला, इंदूर

आणि 'फायनल फँटसी'? आमच्या तालमीतली पोरं त्याच्यावरूनच भांडतात. १९९७चा सातवा भाग डोक्यावर घेतात अन् २०२०चा त्याचा नवा अवतार बघून अर्धी नाक मुरडतात.

रात्रपाळीवाली, इंदूर

दादा, तिथे मधला प्रकार आहे, आणि त्यासाठी मी शब्द शोधत होते तो काल एका लग्नपत्रिकेत सापडला. १९९१च्या चौथ्या भागापासून त्यांनी अशी सोय केली की प्रत्येकाची एक पट्टी भरत जाते. पूर्ण भरली की त्याची पाळी. तुम्ही विचार करत बसलात तर शत्रूची पट्टी भरायची थांबत नाही. सातव्यात पट्ट्या किती दयामाया दाखवतील तेही निवडता येतं. मला आठवलं घटिकापात्र! बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, चोवीस मिनिटांत भरून बुडते, घटका झाली. म्हणून 'घटकेची लढाई'.

बडोदेकर

सुंदर. आणि 'घटका भरली' हे आपण कोणाविषयी म्हणतो? ज्याचं आता काही खरं नाही त्याविषयी. शत्रूची पट्टी भरली की भरली घटका, फक्त तुझी!

रात्रपाळीवाली, इंदूर

आजोबा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तर सातवा भाग घटकेचा. त्याचा २०२०चा अवतार धावता, पण घटका ठेवलेली. वार करत गेलं की ती लवकर भरते, भरली की हुकूम द्यायला काळ जवळजवळ थांबतो. २०२३चा सोळावा भाग मात्र निखळ धावता. तिथे माझा जीव रमला नाही, हे माझं वय बोलतंय असं भाऊ म्हणतो. मी एकोणतीस वर्षांची आहे.

उलटी उडीही झाली आहे हं. 'याकुझा' मालिका रस्त्यावरच्या मारामारीची, धावती. २०२०चा भाग एकदम पाळीचा केला. कारण काय दिलं, तर नव्या नायकाला लहानपणापासून १९८६ साली सुरू झालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चं वेड, त्यामुळे गल्लीतले गुंडसुद्धा त्याला तसल्या खेळातल्या राक्षसांसारखे दिसतात. नियम बदलला आणि दोष नायकाच्या डोक्यावर टाकला! इतकं गोड कारण असेल तर मी काहीही चालवून घेईन.

तालीमवाला, इंदूर

एक माझ्याकडूनही. गेल्या वर्षापासून पोरं २०२५च्या 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३'चं नाव घेतात. फ्रान्सचा खेळ. पाळीचा आहे, पण शत्रूची पाळी चालू असताना तुम्हाला नेमक्या क्षणी कळ दाबून वार चुकवायचा किंवा परतवायचा असतो. ते परतवणं, त्याला आमच्याकडे शब्द आहे: तोड. प्रत्येक डावाला तोड असते. मी परवा पहिल्यांदा खेळून बघितला आणि डाव या शब्दावरची माझी हरकत मागे घेतो. पाळी समोरच्याची आणि तरी तुम्ही जागे, हे तर म्हैसूरवाल्यांचं क्षेत्ररक्षण झालं.

पागनीसपागा

मंडळी, काल कार्यक्रम झाला. पाळी, डाव, उतारी, धावती, घटका, तोड, टॅम्प्लीज, सगळे शब्द फळ्यावर लिहून ठेवले होते. 'पाळी'ला मागच्या दोन रांगा हसल्या, पाच मिनिटांत विसरल्या. जुन्या चाहत्यांची बाजू मांडणाऱ्या सातवीतल्या मुलीने तर "आमच्या पाळीवर कोणी पाट फोडू नये" असं म्हणून टाळ्या घेतल्या. बांधावरूनदादा, ते तुमचं.

आईने शेवटी एकच प्रश्न विचारला. हरलात तर काय होतं? भाचा म्हणाला, आधीची जागा राखून ठेवलेली असते, तिथून परत. आणि दान वाईट पडलं तर? तरीही परत, चांगलं पडेपर्यंत. आई म्हणाली, "म्हणजे रडीचा डाव." त्या सवयीला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे म्हणे, भाचा ते सांगायला गेला आणि पाच रुपये भरून बसला.

निकाल धावत्यांच्या बाजूने लागला. आई म्हणते, त्यांनी भाषण वेळेत संपवलं. दंडपेटीत ८५ रुपये निघाले, त्यातले ४० माझे, सूत्रसंचालनाचे.